आफ्रिकेतील मुले आणि सोलापूरचा गळीत हंगाम

आषाढ-श्रावणात युरोपातील विद्यापीठांना दीर्घ सुट्टी लागते, नेहमीचे विद्यार्थी आपापल्या गावी पांगतात, आणि त्या मोकळ्या झालेल्या दालनांतून एकदोन आठवड्यांच्या मुदतीचे, एकेका विषयाला वाहिलेले उन्हाळी वर्ग भरू लागतात. या वर्गांमध्ये गेल्या काही दशकांत जे विषय स्थिरावले, त्यांत मुलांचे हक्क हा एक प्रमुख होय. हॉलंडातील लायडन आणि स्वित्झर्लंडातील जिनिव्हा येथील विद्यापीठे असे वर्ग चालवतात. आणि आफ्रिकेतील मुलांच्या प्रश्नांचा विचार आफ्रिकेच्या भूमीवर व्हावा, अशा भूमिकेतून दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया विद्यापीठाचे मानवाधिकार केंद्र, जे १९८६ साली म्हणजे वर्णभेदाची राजवट अद्याप अंमल गाजवत असताना स्थापन झाले, तेही याच विषयावर अल्प मुदतीचा सघन अभ्यासवर्ग भरवत आले आहे. अशा वर्गांत कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्यांशेजारी सरकारी खात्यांतील अधिकारी, वकील, संशोधक आणि संस्थांचे अनुभवी कार्यकर्ते बसतात, आणि ज्यांनी प्रत्यक्ष दावे चालवले वा निवाडे लिहिले, अशी माणसे त्यांना शिकवतात.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहणाऱ्या माणसाने या दूरस्थ वर्गांविषयी लिहावे, याचे कारण केवळ जिज्ञासा नाही. ज्या शहराने डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांना १९३८ साली युद्धग्रस्त चीनकडे निघालेल्या वैद्यकीय पथकात धाडले आणि १९४२ च्या डिसेंबरात त्यांच्या मृत्यूचे दुःख सोसले, त्या शहराला परमुलखातील माणसांविषयी कळकळ शिकवावी लागत नाही. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. आफ्रिकेतील मुलांविषयी तेथील विधिज्ञांनी व अध्यापकांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जो विचार सिद्ध केला, तो आमच्या पूर्व भागातील विडी वळणाऱ्या घरांना, सेटलमेंटच्या वस्तीला आणि जिल्ह्यातील उसाच्या फडांना इतका नेमका लागू पडतो की, तो आपण आपल्याच गरजेपोटी समजून घेतला पाहिजे. आणि तो शिकवणारा एक वर्ग याच जिल्ह्यात उभा राहिला पाहिजे.

आफ्रिकेतील मूल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दुष्काळात हाडे वर आलेले, डोळे खोल गेलेले एक मूल उभे राहते, कारण वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने तेवढेच आपल्याला वारंवार दाखवले आहे. त्या चित्रातल्या मुलाला नाव नसते, गाव नसते, आईबापांचा धंदा नसतो, आणि त्याच्यावर अन्याय करणारा कोणी माणूस वा कोणते दफ्तरही चित्रात नसते. पाहणाऱ्याने कळवळावे, चार पैसे द्यावेत आणि पान उलटावे, एवढीच त्या चित्राची अपेक्षा असते. या विषयाचा गंभीर अभ्यास त्या चित्रापाशी थांबूच शकत नाही. तो विद्यार्थ्याच्या हाती प्रथम एक सनद ठेवतो, आणि या सनदेत मूल म्हणजे कोण, त्याचे देणे काय, आणि ते न दिल्यास तक्रार कोठे गुदरायची, हे वाचायला लावतो.

ती सनद म्हणजे मुलांचे हक्क व कल्याण यांविषयीची आफ्रिकी सनद. संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा जागतिक करार २० नोव्हेंबर १९८९ रोजी संमत केला, आणि त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, जुलै १९९० मध्ये, आफ्रिकी ऐक्य संघटनेने अदिस अबाबा येथे आपली स्वतंत्र सनद मंजूर केली. ती प्रत्यक्ष अमलात यायला मात्र २९ नोव्हेंबर १९९९ पर्यंत वाट पाहावी लागली. जागतिक करार हाती असताना दुसऱ्या सनदेचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणालाही पडेल, आणि त्याचे उत्तर आफ्रिकेतील विचारवंतांनी स्पष्ट दिले आहे. जागतिक कराराच्या मसुद्यात आफ्रिकेचा आवाज क्षीण होता, आणि ज्या व्यथा त्या खंडातील मुले भोगत होती त्यांपैकी कित्येकींना तेथे जागा मिळाली नव्हती किंवा अपुरी मिळाली होती. जागतिक कराराने पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती बंदूक देण्यास संपूर्ण मज्जाव केला नाही. आफ्रिकी सनदेने अठरा वर्षांखालील कोणालाही सैन्यात भरती करू नये, असे बजावले. विवाहाचे किमान वय अठरा असावे आणि प्रत्येक विवाहाची सरकारी नोंद सक्तीची असावी, हे तिने एकविसाव्या कलमात लिहून ठेवले. शिक्षण पुरे होण्यापूर्वी जी मुलगी गरोदर राहिली, तिला पुन्हा शाळेत येण्याची संधी द्यावी, हे अकराव्या कलमात घातले. तुरुंगातील मातांच्या मुलांसाठी तिसावे कलम राखले, आणि मुलांकडून भीक मागवण्याला एकोणतिसाव्या कलमात मनाई केली. या सनदेचे एकतिसावे कलम तर आपल्याकडील वडीलधाऱ्यांना विशेष रुचेल, कारण त्यात मुलाच्या हक्कांबरोबर त्याच्या कर्तव्यांचाही, म्हणजे कुटुंबाशी बांधिलकी राखण्याचा व आईवडिलांचा मान ठेवण्याचा, उच्चार आहे. त्या कलमाचा आधार घेऊन मुलांवर जुलूम लादला जाईल की काय, अशी शंका काही विधिज्ञांनी घेतली. माझ्या मते ती शंका रास्त असली तरी, ज्या समाजात मूल एकटे वाढतच नाही तेथे नात्यांचा उल्लेख नसलेली सनद कोणी आपली मानली नसती.

सनदेचा अंमल पाहण्यासाठी अकरा सदस्यांची एक तज्ज्ञ समिती आहे. तिचे सचिवालय आता लेसोथोच्या मसेरू या राजधानीत आहे. या समितीपुढे कोणीही व्यक्ती वा संस्था एखाद्या सरकारविरुद्ध अर्ज करू शकते, आणि त्या अर्जांवर समितीने दिलेले निर्णय हेच या विषयाचे खरे पाठ्यपुस्तक होय. समितीने अर्जाच्या गुणदोषांचा विचार करून दिलेला पहिला निर्णय २२ मार्च २०११ चा आहे, आणि सोलापूरच्या वाचकाने तो थोडा सविस्तर समजून घ्यावा, असे मला वाटते.

इंग्रजांनी पूर्व आफ्रिकेत आपले राज्य बसवताना सुदानातून न्यूबियन शिपाई आणले, त्यांच्याकडून लढाया करवून घेतल्या, आणि चाकरी संपल्यावर त्यांना मायदेशी न पोचवता नैरोबीच्या कडेला किबेरा नावाच्या रानात वसवले. १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला, तेव्हा ही माणसे कोणत्या देशाची, हा प्रश्न कोणी स्पष्टपणे सोडवला नाही. ती परकी मानली गेली, आणि त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतील मुलेही, ज्यांनी केनियाखेरीज दुसरा देश पाहिलेलाच नव्हता ती, जन्माच्या दाखल्यासाठी व पुढे ओळखपत्रासाठी दारोदार फिरत राहिली. अठरा वर्षे पुरी झाल्यावर एका चौकशी मंडळापुढे उभे राहून आपले आजे-पणजे कोण हे सिद्ध करावे, मग विचार होईल, अशी ती रीत होती. दाखला नाही म्हणून शाळा-दवाखान्यांच्या सवलती नाहीत, आणि ओळखपत्र नाही म्हणून नोकरी नाही. समितीने निकालात सांगितले की, मुलाचे नाव, जन्मनोंद व राष्ट्रीयत्व यांचा हक्क जन्माबरोबर येतो, अठरा वर्षे तो टांगून ठेवणे हे मुलाच्या हिताच्या विरुद्ध आहे, आणि केनिया सरकारने सनदेचा भंग केला आहे. पुढे २०१७ साली किबेरातील जमिनीचा सामूहिक मालकीहक्क त्या समाजाला मिळाला, हेही नोंदवले पाहिजे.

आता याच साम्राज्याने, जवळपास त्याच काळात, सोलापुरात काय केले ते पाहावे. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या पारधी, कैकाडी, कंजारभाट, मांगगारुडी अशा जमातींना गेल्या शतकाच्या आरंभी येथे तारेच्या कुंपणात वसवण्यात आले. कुंपणातील माणसांना हजेरीची सक्ती होती, आणि शहरातील गिरण्यांना तेथून मजूर मिळत. त्या कायद्याच्या १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलग्यांना आईबापांपासून तोडून निराळ्या वसाहतीत ठेवण्याचा अधिकारही प्रांतिक सरकारांना दिला होता. चार वर्षांच्या मुलाचा गुन्हा कोणता, हे त्या मसुद्याच्या कर्त्यांनी कोठेही सांगितलेले नाही. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, तो कायदा रद्द झाला. वस्तीचे नाव मात्र आजही सेटलमेंट हेच आहे.

तार गेली, पण किबेराची व्यथा आमच्याकडे निराळ्या रूपाने उरली. पाल टाकून राहणाऱ्या, गावाबाहेरच्या माळावर जन्मणाऱ्या मुलाची जन्मनोंद कोणत्या ग्रामपंचायतीत करायची, हे ठरत नाही. जन्मनोंद नाही म्हणून पुढे जातीचा दाखला अडतो, आणि त्या दाखल्यासाठी पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो, तो ज्यांच्या आजोबांना एका जागी राहण्याची मुभाच नव्हती त्यांच्याकडून. आजा कोठे राहत होता हे सिद्ध करा, म्हणजे नातवाला हक्क देऊ, ही केनियातील मंडळाची आणि आपल्या तहसील कचेरीची भाषा एकच आहे. केनियातील मुलांसाठी एका समितीने हा प्रश्न निकालात काढला. आमच्याकडे तो प्रत्येक घराने स्वतंत्रपणे, एकेका कारकुनापुढे उभे राहून सोडवायचा असतो. ज्या विद्यार्थ्याने किबेराचा निकाल वाचला आहे, तो सेटलमेंटच्या रस्त्यावरून जाताना पूर्वीच्या नजरेने पाहू शकणार नाही.

समजून घेण्याजोगा आणखी एक निकाल सेनेगालचा, एप्रिल २०१४ मधला. धार्मिक शिक्षणासाठी गुरूच्या स्वाधीन केलेली लहान मुले डाकारच्या रस्त्यांवर भीक मागतात, आणि ठरलेली रक्कम न आणल्यास मार खातात, ही तक्रार होती. सेनेगालात अशा सक्तीच्या भिकेविरुद्ध कायदा २००५ पासून होता, केवळ बजावणी नव्हती. आणि कायदा करून स्वस्थ बसणे हाही सनदेचा भंग होय, असा निर्णय समितीने दिला. या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते अर्जदाराचे नाव. सेनेगालातील एका मानवाधिकार संस्थेबरोबर अर्ज करणारी दुसरी संस्था होती प्रिटोरिया विद्यापीठाचे तेच मानवाधिकार केंद्र. जे विद्यापीठ हा विषय शिकवते, तेच दुसऱ्या देशातील रस्त्यावरच्या मुलांच्या वतीने सरकारविरुद्ध उभे राहते, आणि तो निकाल पुन्हा आपल्या वर्गात आणते. विद्यापीठाची प्रतिष्ठा अशाने वाढते, असे मी मनःपूर्वक मानतो.

सोलापूरच्या मुलांचा आणि कायद्याचा संबंध फार जुना आहे. येथील पहिली कापड गिरणी, जिला आपण जुनी गिरणी म्हणतो, १८७७ च्या सुमारास सुरू झाली. त्यानंतर चार वर्षांनी आलेल्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांच्या मुलाकडून नऊ तास काम घेणे ही त्या काळची सुधारणा होती! १८९१ साली वयोमर्यादा नऊ झाली आणि तास सात. १९२२ साली वय बारा आणि तास सहा. आणि १९४८ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मूल कारखान्यात येऊ नये, असे ठरले. या वाटचालीत नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारख्या माणसांनी १८८४ पासून मुंबईत उभारलेल्या गिरणी कामगारांच्या चळवळीचा वाटा मोठा आहे. पण हे सर्व कायदे कारखान्याच्या फाटकापाशी थांबले, आणि सोलापूरचे काम तर पुष्कळसे फाटकाबाहेर, घराच्या ओसरीवर चालत आले.

शुक्रवार पेठेतून पूर्व भागाकडे गेले की, ज्या तेलुगूभाषक कुटुंबांनी या शहराचे विणकाम उभे केले त्यांच्याच घरांतून बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना दिसतात. कारखान्यातून पान, तंबाखू व दोरा मोजून आणायचा, पान भिजवून कापायचे, तंबाखू भरून विडी वळायची, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा, आणि हजारांच्या हिशेबाने माल परत नेऊन द्यायचा, असे हे काम. मजुरी नगावर असल्याने घरातील प्रत्येक मोकळा हात त्यात ओढला जातो, आणि घरातील सर्वांत मोकळे हात शाळेतून आलेल्या मुलीचे असतात. या बायकांनी संघटित होऊन मोठे लढे दिले, आणि कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली, ही सोलापूरची अभिमानाची गोष्ट आहे. ती घरे २००६ साली कामगारांच्या हाती आली. परंतु घर मिळाले तरी सूप त्या घरातच राहिले. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडीकाम मुलांना निषिद्ध ठरवले खरे, पण कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कामाला त्याच कलमात सूट दिली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांच्या नोकरीवर सरसकट बंदी आणली, तरी शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या धंद्यात मदत करण्याची मुभा ठेवली. धोक्याचे धंदे त्या मुभेतून वगळलेले आहेत. परंतु ओसरीवर बसलेली मुलगी कामगार आहे की आईची लेक, हे तपासायला तेथे कोण जाणार?

आफ्रिकी सनदेचे पंधरावे कलम येथे उपयोगी पडते. मुलांच्या आर्थिक शोषणाविरुद्धचे संरक्षण संघटित आणि असंघटित अशा दोन्ही क्षेत्रांत लागू राहील, असे त्यात नावानिशी म्हटले आहे, कारण आफ्रिकेतील मूल कारखान्यात क्वचित आणि शेतात, बाजारात, घरात सदैव राबते, हे मसुदा करणाऱ्यांना ठाऊक होते. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये जागतिक करार स्वीकारला, तेव्हा बालमजुरीच्या कलमापुरते, सर्व धंद्यांत किमान वय एकदम ठरवणे व्यवहार्य नाही, असे निवेदन जोडले होते. त्या निवेदनामागे आपल्या देशाच्या दारिद्र्याचा प्रामाणिक विचार होता, हे मी नाकारत नाही. पण आफ्रिकेतील कित्येक राष्ट्रेही दरिद्रीच होती, आणि तरीही त्यांनी 'असंघटित' हा शब्द लिहिण्याचे धैर्य दाखवले.

जिल्ह्याच्या ग्रामीण भागाकडे वळले की ऊस येतो. सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, आणि दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून, तसेच आपल्याच काही तालुक्यांतून, तोडणी मजूर मुकादमाकडून उचल घेऊन घराबाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल कोयत्यावर मिळते, आणि त्या हिशेबामुळे कोवळ्या मुलीचे लग्न लवकर उरकून जोडी पुरी करण्याचा मोहही वाढतो. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या पडतात. पहाटेच्या अंधारात आईबाप कोयता घेऊन निघाले की कोपीत उरते ती आठ-दहा वर्षांची मुलगी, तिच्या कडेवर धाकटे भावंड, आणि चुलीवरचे भांडे. शाळा ऐन भरात असते तेव्हा हे मूल गावात नसते, आणि चैत्रात ते परतते तेव्हा परीक्षा व सुट्टी आलेली असते. या मुलांसाठी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या, गावी राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली, आणि स्थलांतरित मुलाला कोणत्याही शाळेत सामावून घ्यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक निघाले. प्रत्येक उपायाने काही मुले वाचवली, पण हंगामागून हंगाम कडेवरच्या भावंडासह ती मुलगी कोपीत दिसतेच.

गावी मागे राहिलेल्या मुलांकडे तर आपले लक्षही जात नाही. म्हाताऱ्या आजीच्या नावावर घर असते आणि मोठी बहीण ते चालवते. एड्सच्या साथीने दक्षिण आफ्रिकेत जेव्हा आईबाप नसलेली घरे उभी राहिली, तेव्हा त्या देशाने २००५ च्या बालक कायद्यात, ज्या घराचा कर्ता मूलच आहे अशा घराला स्वतंत्र कायदेशीर मान्यता दिली, आणि त्यावर देखरेख ठेवणारा प्रौढ माणूस नेमण्याची तरतूद केली. आपल्या हंगामी पोरकेपणाला तसेच्या तसे ते कलम लागू होणार नाही, पण अशा घराची सरकारने नोंद तरी घ्यावी, हा विचार तेथून घेण्याजोगा आहे.

भाषेच्या प्रश्नावर थोडक्यात सांगतो. १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो वस्तीतील शाळकरी मुले, आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली; १९९१ पासून तो दिवस आफ्रिकी बालदिन म्हणून पाळला जातो. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चारही भाषा ज्याच्या गल्लीबोळांत बोलल्या जातात, त्या सोलापूरला घरची भाषा व शाळेची भाषा यांतील अंतर समजावून सांगण्याची गरज नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांना हेच अंतर आढळले, मुलांची भाषा कन्नड होती. ती ते शिकले, पाठ्यपुस्तकांचे भाषांतर केले, आणि २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाल्यावर त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्या नऊ जणांत नायजेरिया व दक्षिण आफ्रिका येथील शिक्षकही होते. सोलापूर आणि आफ्रिका यांच्यामधला रस्ता अशा रीतीने एकदा चालून झालेला आहे.

अल्प मुदतीच्या वर्गाने काय साधणार, अशी शंका घेणाऱ्यांना महाराष्ट्राच्याच इतिहासातील एक उदाहरण सांगावेसे वाटते. १९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा स्मारक निधीच्या वतीने ग्रामसेविकांचे एक शिक्षण शिबिर भरले होते. बालपणीच वैधव्य आलेली आणि शिक्षिका म्हणून वर्षे काढलेली अनुताई वाघ नावाची एक स्त्री तेथे आली, आणि तिची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली. त्याच वर्षी दोघींनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम आरंभले, पुढे ते कोसबादच्या टेकडीवर गेले, आणि मुले शाळेत येत नसतील तर शाळेने त्यांच्या अंगणात व गुरे चारण्याच्या कुरणात जावे, ही कल्पना तेथे आकारास आली. १९७५ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या अंगणवाडीची बीजे त्या कामात आहेत. शिबिर संपून प्रत्येकजण आपल्या गावी जातो हे खरे. पण योग्य माणूस योग्य वेळी तेथे भेटला, तर त्या थोड्या दिवसांतून अर्ध्या शतकाचे काम निघते.

सोलापूर जिल्ह्यात साधनांची वाण नाही. १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झालेले आणि आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरते आहे, ही काहींना उणीव वाटते. या कामासाठी मात्र तीच त्याची शक्ती आहे, कारण त्याचा प्रत्येक विद्यार्थी ऊस, विडी आणि यंत्रमाग यांच्या परिघातच वाढलेला असतो. पंचेचाळीस किलोमीटरवर तुळजापुरास टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण संकुल आहे. १९३६ साली मुंबईत निघालेल्या या संस्थेने दुसऱ्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले होते, आणि संकटातील मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवाही १९९६ साली तिच्याच छत्राखाली जन्मास आली. पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर व प्रार्थनासमाज यांच्या प्रयत्नांतून १८७५ साली उघडलेला बालकाश्रम आहे, जेथे वाळवंटात टाकून दिलेल्या अर्भकांना आसरा मिळाला. ज्या जिल्ह्यात मुलांच्या रक्षणाची परंपरा दीडशे वर्षांची आहे, त्याने हा विषय परदेशी वर्गांच्या माहितीपत्रकांतूनच वाचावा, हे मला बरे वाटत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, विद्यापीठाने व तुळजापूरच्या संस्थेने मिळून दोन आठवड्यांचा एक वर्ग सुरू करावा, आणि तो उन्हाळ्यात भरवू नये. वैशाखात सोलापूरचा पारा चव्वेचाळीस अंशांवर जातो, हे त्याचे गौण कारण; मुख्य कारण हे की, त्या दिवसांत फड रिकामे असतात, कोप्या मोडलेल्या असतात, आणि ज्या मुलांविषयी शिकायचे ती मुलेच तेथे नसतात. कार्तिकी एकादशीची गर्दी ओसरल्यानंतर आणि संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरण्यापूर्वी गळीत हंगाम ऐन जोरात असतो. त्या काळातील एका पंधरवड्यात सकाळी आफ्रिकी सनद व तिचे निकाल वाचावेत, आणि दुपारी विद्यार्थ्यांना फडावर, विडीच्या घरांत व सेटलमेंटमध्ये न्यावे. परीक्षेऐवजी प्रत्येक दोन विद्यार्थ्यांकडे एक मूल सोपवावे, ज्याचा जन्मदाखला वा शाळेचा प्रवेश अडलेला आहे. ते प्रकरण कोठे, कोणत्या कागदासाठी, कोणाच्या सहीवाचून थांबले याचा शोध घेऊन अर्ज दाखल करावा, आणि वर्ग संपल्यावरही विद्यापीठाने त्याचा पाठपुरावा सोडू नये. केनियातील प्रकरण ज्या चिकाटीने लढवले गेले, ती चिकाटी केवळ व्याख्यान ऐकून अंगी येत नाही.

प्रवेशाविषयी माझा आग्रह आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना घ्यावेच, पण निम्म्या जागा अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक, तहसील कचेरीतील दाखल्यांचे काम पाहणारे कारकून व जिल्हा परिषदेचे शिक्षक यांच्यासाठी राखाव्यात आणि त्यांची रजा भरपगारी धरावी. आणि पुष्कळांना खटकेल अशी गोष्ट म्हणजे, मुकादमांनाही बोलवावे. मुकादमाविषयी आपल्या मनात राग असतो आणि त्याला कारणेही आहेत. पण कोणत्या गावातून किती कोयते कोणत्या कारखान्याकडे निघाले, त्यांच्याबरोबर किती लेकरे आहेत आणि ती कोणत्या फडावर उतरतील, हे शिक्षण खात्याला कळण्यापूर्वी कित्येक आठवडे मुकादमाच्या वहीत लिहिलेले असते. ती वही वर्गात उघडली जावी, तिच्या शेजारी कारखान्याचा शेतकी अधिकारी व त्या गटाचा शिक्षणाधिकारी बसवावा. आणि कारखाना ज्या करारनाम्यावर मुकादमाची सही घेतो, त्यात टोळीबरोबर येणाऱ्या मुलांची यादी देण्याचे व त्यांना जवळच्या शाळेत दाखल करण्याचे एक कलम कोणत्या शब्दांत घालता येईल, याचा मसुदा त्या तिघांनी वर्गाच्या शेवटच्या दिवशी सर्वांसमक्ष तयार करावा.